मृत्यूनंतर अनुभव उरतो का? वडिलांनी सांगितलेल्या एका प्रसंगावरून

जिज्ञासू

नमस्कार. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची हृदयक्रिया रुग्णालयातच बंद पडली आणि डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन व विजेचे झटके देऊन ती पुन्हा सुरू केली. शुद्धीवर आल्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी शांतपणे सांगितले, की आपण छताच्या उंचीवरून स्वतःच्या देहाकडे पाहत होतो, वेदना मुळीच नव्हती, ‘किती मिनिटे झाली?’ असे कोणीतरी विचारल्याचे ऐकू आले आणि आई पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली दिसली. त्यानंतर ते चौदा महिने जगले आणि त्या काळात मृत्यूचा विषय निघाला, तरी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीची धास्ती दिसत नसे. आता ते नाहीत. हृदय थांबलेले असताना जर जाणीव शिल्लक होती, तर ते कायमचे थांबल्यावरही ती शिल्लक राहते, असे मानायला काही आधार आहे का? केवळ दिलासा मिळावा म्हणून उत्तर देऊ नये, जे खरे वाटते तेच सांगावे, ही विनंती.

भूलतज्ज्ञ

असे अनुभव दुर्मीळ नाहीत आणि सांगणारी माणसे ते रचून सांगत नसतात, हे आधी नमूद करतो. हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लॉमेल यांनी नेदरलँड्समधील १० रुग्णालयांत केलेला अभ्यास २००१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी, अशा अनुभवाचे वर्णन केले होते. मात्र हृदय थांबणे आणि माणूस मरणे यांत अंतर आहे आणि तुमचा प्रश्न नेमका त्या अंतरात अडकला आहे, असे मला वाटते. हृदय थांबल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो हे खरे. पण छातीवर दाब देणे सुरू असते तेव्हा मेंदूला थोडे का होईना रक्त मिळत राहते आणि पेशी एवढ्यात मृत झालेल्या नसतात. शिवाय २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कृत्रिम श्वसन काढल्यानंतर मृत्यू पावलेल्या ४ रुग्णांपैकी २ जणांच्या मेंदूत शेवटच्या काळात गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी, वाढल्याचे आढळले. ते दोघे परत आले नाहीत, त्यामुळे त्यांना काय जाणवले हे विचारता आले नाही.

वरून पाहिल्याच्या अनुभवाची पडताळणी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न डॉक्टर सॅम पार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. केवळ छताकडून दिसतील अशी चित्रे त्यांनी उंच फळ्यांवर ठेवली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना नोंदवल्या गेल्या, पण पाहिल्याऐकल्याचे स्पष्ट स्मरण असलेले रुग्ण दोनच निघाले आणि त्या दोघांचे हृदय जेथे थांबले तेथे फळीच नव्हती. त्यामुळे तो प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

मला स्वतःला काळाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. चार तासांची शस्त्रक्रिया संपवून मी रुग्णाला उठवतो, तेव्हा कित्येक जण विचारतात, ‘अजून सुरू केले नाही का?’ अशा अवस्थेतून बाहेर येणाऱ्या मनाला कोणता अनुभव नेमका केव्हा घडला हे आतून ठरवता येत नाही. हृदय थांबण्याआधीचे काही क्षण, दाब सुरू असतानाचा काळ आणि शुद्ध परत येतानाचे तास हे सगळे आठवणीत एकाच प्रसंगासारखे जुळून येऊ शकते. म्हणून तुमच्या वडिलांचे सांगणे मी मृत्यूच्या वाटेवरचे मानतो. पलीकडचे मानायला माझ्याकडे आधार नाही.

तत्त्वबोध

वरील माहिती मान्य करूनही एक गोष्ट मांडावीशी वाटते. मेंदू बिघडला की जाणीव बिघडते, यावरून मेंदूच जाणीव निर्माण करतो हे सिद्ध होत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९७ च्या एका व्याख्यानात हा भेद दाखवला होता: लोलक प्रकाशाचे रंग वेगळे करतो, तो प्रकाश उत्पन्न करत नाही, त्याचप्रमाणे मेंदूचे कार्य जाणीव वाहून आणण्याचे असू शकते. चेतापेशींच्या हालचालीतून ‘जाणवणे’ मुळात का उद्भवावे, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

परंतु ही शक्यता धरली, तरी तिच्यातून तुम्हाला हवे असलेले निघेल असे नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपली पत्नी मैत्रेयी हिला पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या खड्याचा दृष्टान्त देतात आणि ‘न प्रेत्य संज्ञास्ति’, मृत्यूनंतर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही, असे म्हणतात. ‘येथे तुम्ही मला गोंधळात टाकलेत,’ असे मैत्रेयी म्हणते, तेव्हा ते समजावतात, की जेथे जणू दोन असतात तेथेच एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, ओळखतो. म्हणजे चैतन्य उरले, तरी कोणाला तरी काहीतरी दिसण्याचा जो प्रकार आपण अनुभव म्हणून ओळखतो, तो उरेलच असे नाही. चैतन्य टिकते का आणि माझे वडील मला ओळखतात का, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले, तरी दुसरा तसाच राहतो, आणि मला तोच अधिक अवघड वाटतो.

परिचारिका

मी अतिदक्षता विभागात काम करते. ‘किती मिनिटे झाली?’ हा प्रश्न आमच्याकडे अशा प्रत्येक वेळी विचारला जातो, त्यामुळे तो त्यांना खरोखर ऐकू आला असेल, यावर माझा सहज विश्वास बसतो. ऐकण्याची जाणीव कधी कधी इतरांच्या कल्पनेपेक्षा उशिरापर्यंत टिकते. पण त्या वेळी नातेवाइकांना बहुधा बाहेर पाठवलेले असते. आई तेव्हा खोलीत होत्या का, एवढेच विचारते.

जिज्ञासू

आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. विचारलेला प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण उत्तर मला ठाऊक होते. आई खोलीत नव्हती. ती बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती, बाबांचा चष्मा दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि दार उघडेपर्यंत ती एकदाही उठली नाही. बाबांनी तो प्रसंग सांगितला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि त्यांना म्हणाली, ‘हो, मी तिथेच होते.’ ते त्यांनी मान्य केले आणि पुढे चौदा महिने तसेच धरून ठेवले. त्यांना तेव्हा खोलीतले काय ऐकू आले आणि काय मनाने जोडले, हे वेगळे करण्याचा मार्ग आता माझ्याकडे नाही. ते तिला शोधत होते, एवढे मात्र मला त्या वर्णनावरून निश्चित वाटते.