अमरवेलीचं तेल केसांना लावावं का?

कोरांटी: कुंपणाच्या मेंदीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं झालंय, पान नाही, जमिनीत मूळ नाही, म्हणजे अमरवेलच. घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते उपटून जाळ नाहीतर मेंदी जाईल, दुसरी म्हणते केसांसाठी तेल कर, आणि काविळीवर काढापण देतात म्हणे. औषधात वेल घेतात का बी?

रानवाटा: दोन्ही, पण जाती वेगळ्या. आपल्याकडे जास्त दिसते ती कस्कुटा रिफ्लेक्सा, ती ठेचून तेलात उकळून डोक्याला लावतात. चिनी वैद्यकात कस्कुटा चायनेन्सिसचं बी वापरतात, मुख्यतः मूत्रपिंड आणि नजरेसाठी. युनानीतलं अफ्तीमून पण याच गोतावळ्यातलं. केसांचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन देऊन केस गळवलेल्या उंदरांवर अर्काचा फायदा दिसलाय, पण उंदीर तो उंदीर. तेल लावायचंच तर आधी हातावर थोडं लावून एक दिवस बघा, खाज आली तर सोडून द्या.

तिरपागडा: काढा मात्र अजिबात नको!! ही वेल झाडाच्या आत शोषकं घुसवून पाणी, साखर तर ओढतेच पण झाडातली बाकीची द्रव्यंपण तिच्यात उतरतात, त्यामुळे कण्हेर नाहीतर धोत्र्यावरची वेल उकळून पिणं म्हणजे काय पितोय त्याचा पत्ताच नाही. आणि कावीळ हे लक्षण आहे हो, मागे हिपॅटायटिस असेल, पित्ताचा खडा असेल, आधी रक्त तपासा मग बाकीचं.

कोरांटी: मेंदीवरच आहे, पण ओके, काढा कॅन्सल. मग काढू कशी? दोनदा ओढली, परत आली.

बांधावरचा: नुसती ओढली की शोषकं फांदीत राहतात, तिथूनच परत फुटते. फांदीसकट छाटा, फुलं यायच्या आत, कारण बी मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतं. छाटलेलं खतात टाकू नका, तुकडा दुसऱ्या झाडाला लागला की झालं, जाळाच. बाकी ही वेल हुशार हं, 2006 च्या एका प्रयोगात तिच्याच एका जातीची रोपं टोमॅटोच्या नुसत्या वासाकडे वळली, आणि टोमॅटो न् गहू शेजारी ठेवले तरी टोमॅटोच निवडला. बी रुजल्यावर थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही तर मरते ना, म्हणून.

रानवाटा: छाटायच्या आधी एकदा नीट बघा, दोरे हिरवट आणि जाड चिवट असतील तर ती कॅसिथा असू शकते. दिसायला सेम पण कूळच वेगळं, दालचिनीचं. मग वरचं तेलाचं पण विसरा.