जागलीवरून नाईट शिफ्टला: वावर-कोठा सोडून कॉम्प्युटरकडे आलेल्यांनी लिहा

कोठ्यातला:
काल तान्हा पोळा झाला. लेकीचा लाकडी नंदी घेऊन सोसायटीभर फिरलो, बोजाऱ्याचे दीडशे रुपये जमले तिचे. जिना चढताना म्हणते, "बाबा, तुमच्याकडे खरे होते ना? नावं काय होती?" नावं सांगितली आणि मग झोप गेली. तशीही नसते म्हणा, नाईट शिफ्टच आहे.

गाव काटोलकडचं. थोडी संत्री, बाकी कपाशी-तूर, कोठ्यात बैलजोडी आणि चार गवळाऊ गाई. बारावीपासून जागलीवर, म्हणजे रात्री डुकरांपासून वावर राखायला, मीच. कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन फार नंतर आली, आधी टिनाचा डबा आणि टॉर्च. पहिल्या वर्षी पान हललं तरी उठायचो, सकाळी डोळे लाल. बाबा म्हणायचे, "आधी कुत्रं काय म्हणते ते आयक." कुत्रं डुकरावर वेगळं भुंकतं, माणसावर वेगळं. पुढच्या वर्षी झोपेतही कळायला लागलं.

बैल विकले मे २०१७ मध्ये. पुढे मुलाखतीत विचारलं, वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) कॉम्प्युटरच्या कोणत्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या दारातून, पसरला? ४४५ सांगितलं. तोही त्याच महिन्यातला. जग कॉम्प्युटर वाचवत होतं आणि मी बाजारात कासरा दुसऱ्याच्या हातात देत होतो.

आता नागपूरच्या मिहानमध्ये सॉकला बसतो, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर हल्ला होतो का ते बघत राहायची खोली. रात्रभर अलर्ट. एकाच माणसाचा पासवर्ड पाचदा चुकला तर बहुतेक तो सुट्टीवरून आलेला असतो. पण कोणी दोनशे खात्यांवर एकेकदाच पासवर्ड लावून पाहिल्यासारखं दिसलं, तर उठायचं. चोर एका दाराशी झटत बसत नाही, गल्लीतली सगळी दारं ढकलून पाहतो. हे मला कोर्समध्ये कोणी शिकवावं लागलं नाही.

तुम्ही कसे आलात?

वर्धेचा पोट्टा:
बैलाईचे नावं सांग ना बे

कोठ्यातला:
नाही सांगत. तेच पासवर्ड होते. ट्रेनिंगमध्ये सरांनी चार मिनिटांत फोडले आणि भर वर्गात वाचून दाखवले.

वर्धेचा पोट्टा:
😂😂 जोडी रिटायर

रामटेकची:
आमच्या सात म्हशी होत्या. बाबा गेल्यावर धारा मी आणि आई काढायचो. संकलन केंद्रावर म्हशीच्या दुधाला फॅट ४.२ लावायचे! पाणी नाही, काही नाही, शेजारच्या काकूंच्या त्याच चाऱ्यावरच्या म्हशीला ६.५. भांडण केलं तर "मशीन खोटी बोलते का ताई?" मग मी वहीच केली. तारीख, वेळ, लिटर, फॅट, मशीनवर कोण बसला होता. तीन महिने. एकच माणूस असला की फॅट पडायची, तो सुट्टीवर असला की चढायची. वही सगळ्यांसमोर उघडली, त्यानंतर आमची फॅट कधी ६ च्या खाली गेली नाही.
एमएससीआयटी, मग डेटा एंट्री, मग कॉलेज बाहेरून. आता एका कंपनीत कोणाला कशाचा ॲक्सेस आहे, कोणी केव्हा काय उघडलं, ते तपासते. मॅनेजर म्हणतात, लॉग (कॉम्प्युटरच्या या नोंदी) वाचायला कुठे शिकलीस? म्हशी विकल्या त्या दिवशी आई जेवली नाही. मीपण.
गॅसवर कुकर आहे, येते.

संत्रावाला:
ढोरांच्या ढेपीचा भाव पाहिला का कोणी? येडे झाले लेकाचे

गेटवाला:
सगळे गोड गोड लिहून राहिले. माझं ऐका. ३४ व्या वर्षी वावर ठेक्यानं दिलं. एका क्लासवाल्यानं ८० हजार घेतले, म्हणे सायबर सिक्युरिटी, नोकरीची हमी. नोकरी लागली. सिक्युरिटी गार्डची. खोटं नाही बोलले म्हणा.
दोन वर्षं रजिस्टरात गाड्यांचे नंबर लिहिले. रात्री मोबाईलवर नेटवर्किंग शिकलो, सबनेटिंगचे (नेटवर्कचे लहान भाग पाडायचे) गणितं त्याच रजिस्टराच्या मागच्या पानावर. सुपरवायझर ओरडला. आता अजूनही गेटवरच आहे, पण सर्व्हर रूमच्या. केबल टाकायला आत बोलावतात.

रामटेकची:
दादा, हे वाचून हसू की रडू 🙏

कॅमेरावाले काका:
मी तुमच्यासारखा एसीत नाही जी, सीसीटीव्ही लावतो. उमरेड रोडला चाळीस बकऱ्या होत्या, एका रात्री अकरा गेल्या. पोरगा कॅमेरा लावायला आला, त्यालेच म्हटलं मले शिकव. बकऱ्या काही आल्या नाहीत, धंदा आला.
गिऱ्हाईक म्हणते पासवर्ड ॲडमिनच राहू द्या काका, ध्यानात राहते. मी सांगतो, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कॅमेरे धरून अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पाडलं. तो म्हणते, अमेरिकेवाले माह्या कोठ्यात काहून येतीन?

कोठ्यातला:
काका 😂 माझ्या मामाकडेही असंच. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एपीके (ॲपची फाईल) आली, दाबली, ओटीपी तिकडे गेले, खातं साफ. शेजाऱ्यांना विचारत बसले सकाळपासून, मला फोन संध्याकाळी. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच लावला असता तर पैसा वाटेत अडला असता कदाचित. आता आजीच्या देव्हाऱ्याजवळ खडूनं १९३० लिहून ठेवलाय.

संत्रावाला:
कळमन्याच्या बाजारात मिळाली ढेप. भाव विचारू नका

गोधनीची मावशी:
नाईट शिफ्टवाल्यांनो, जेवता केव्हा? पित्तानं मरता पोट्टेहो.
आणि माझा भाचा बारावी आर्ट्स आहे, दोन गाई सांभाळतो. त्याले हे जमन का?

कोठ्यातला:
जमन मावशी. सायन्स नाही लागत. इंग्रजी वाचता आलं पाहिजे. आधी लिनक्स आणि नेटवर्किंग शीक म्हणा, हॅकिंग-बिकिंग नंतर. ८० हजारवाल्यांकडे जाऊ देऊ नका. फोन करायला सांगा मला.

गोधनीची मावशी:
सांगतो. सध्या ढोरं घेऊन तलावाकडे गेला, तिथं रेंज नाही.