मदत हवी आहे: ४:३, १६:९ आणि उभे मोबाइल व्हिडिओ एकाच वाहिनीवर दाखवताना चित्राचा आकार कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या केबल वाहिनीचं प्लेआऊट, म्हणजे ठरलेल्या क्रमाने कार्यक्रम प्रसारणाला सोडण्याचं काम, मी सांभाळतो. आमच्याकडे तीन तऱ्हेचं चित्रण एकामागोमाग लागतं. जुन्या टेपांवरचे ४:३ (रुंदी चार तर उंची तीन) कार्यक्रम आहेत, म्हणजे नाटकं, मुलाखती, गाण्याच्या मैफली. नवं चित्रीकरण सगळं १६:९ आहे. शिवाय बातमीदार आणि प्रेक्षक मोबाइल उभा धरून काढलेले व्हिडिओ पाठवतात. आमच्या मॉनिटरवर सगळं जागच्या जागी दिसतं, पण घरोघरी पोहोचेपर्यंत त्याचं भलतंच काही होतं.

तक्रारी ठरावीक आहेत: 'जुन्या कार्यक्रमांत माणसं बुटकी आणि जाड दिसतात', 'चारही बाजूंनी काळं, मध्ये एवढंसं चित्र', 'खालची अक्षरं कापली जातात'. पहिल्या तक्रारीचा माग काढायचा म्हणून चाचणीसाठी एक वर्तुळ प्रसारित केलं आणि एका प्रेक्षकाच्या घरी जाऊन फूटपट्टीने मोजलं. उंची ३० सेंटिमीटर, रुंदी ४०. ४:३ चित्र १६:९ पडद्यावर कडेपर्यंत ताणलं की रुंदी बरोबर एक तृतीयांशाने वाढते, तेच हे. त्याच वेळी शेजारच्या घरात तेच वर्तुळ अगदी गोल होतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या. सिग्नल एकच, सेट टॉप बॉक्सही एकाच प्रकारचा, फरक फक्त सेटिंगचा.

दुसऱ्या तक्रारीचं गणितही सांगतो. काही रुंद चित्रण पूर्वी वर-खाली काळ्या पट्ट्या घालून ४:३ टेपवर उतरवलेलं आहे. ते आज १९२० × १०८० च्या चौकटीत बसवलं की ४:३ ला १४४० पिक्सेल रुंदी मिळते आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० काळे उरतात. त्या १४४० च्या आत खरं चित्र जेमतेम ८१० ओळी उंच. रुंदी पाऊण, उंचीही पाऊण. म्हणजे पडद्याचा ५६ टक्के भागच वापरात. एवढा मोठा टीव्ही घेऊन माणसाने हे का बघावं?

आमची एसडी (कमी बारकाईची) वाहिनी एमपेग-२ या चित्र आकुंचित करण्याच्या पद्धतीत ७२० × ५७६ पिक्सेलवर जाते, एचडी (जास्त बारकाईची) वेगळी आहे. एन्कोडर (चित्र आकुंचित करून पाठवणारं उपकरण) प्रत्येक फाइलनुसार ४:३ किंवा १६:९ असा फ्लॅग, म्हणजे चित्राच्या आकाराची खूण, बदलू शकतो. तर एसडीवर फ्लॅग बदलत राहावं, की सगळंच कायम १६:९ चौकटीत ठेवून ४:३ ला बाजूच्या पट्ट्या आपणच घालाव्यात? पट्ट्यांसकट आलेलं जुनं चित्रण झूम करावं का? उभ्या व्हिडिओचं काय करावं? आणि लोगो, खालची बातम्यांची पट्टी नेमकी कुठे ठेवली म्हणजे कुठल्याच टीव्हीवर कापली जाणार नाही? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद – रेषा६२५

फ्लॅगपासून सुरुवात करू, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. एमपेग-२ च्या सिक्वेन्स हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबत आधी जाणाऱ्या माहितीत, चित्राचं प्रमाण सांगणारा चार बिटांचा कप्पा असतो. तिथे २ असेल तर ४:३, ३ असेल तर १६:९. पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच, ७२० × ५७६; बदलते ती एका पिक्सेलची मानलेली रुंदी. त्यामुळे फ्लॅग चुकला की चित्र चुकलंच, मग पुढचं उपकरण कितीही चांगलं असो.

फ्लॅग बरोबर असला तरी पुढे निर्णय दोनदा होतो. आधी सेट टॉप बॉक्स ठरवतो की ४:३ ला पट्ट्या घालायच्या, झूम करायचं की ताणायचं. मग तो एचडीएमआयवर १०८० ओळींचं १६:९ चित्र पाठवतो आणि टीव्ही पुन्हा स्वतःच्या सेटिंगप्रमाणे त्याला हात लावतो. आतला कार्यक्रम मुळात ४:३ होता हे तोवर बहुतेकदा टीव्हीला कळतच नाही. अॅनालॉग काळात पाल या टीव्ही पद्धतीच्या प्रसारणात २३व्या ओळीत वाइडस्क्रीनचा संकेत जायचा, टीव्हीला जोडायच्या स्कार्ट केबलच्या ८ नंबरच्या पिनवरचा व्होल्टेज बदलून टीव्हीला आकार सांगितला जायचा. एचडीएमआयमध्येही अशा माहितीला जागा आहे, पण बॉक्सने ती नीट भरली पाहिजे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कायम १६:९ चौकट ठेवा, पट्ट्या प्लेआऊटमध्ये घाला. मग बॉक्सला ताणायला काही उरत नाही. तुम्ही पाहिलेलं ते ४० सेंटिमीटरचं वर्तुळ बॉक्समुळे होत असेल तर तिथेच संपेल.

याची किंमत आहे. एसडीमध्ये ४:३ चित्राला ७२० ऐवजी ५४० पिक्सेलच मिळतात. घरगुती व्हीएचएस टेपवरून आलेल्या चित्रात आडवी बारकाई साधारण २४० ओळींचीच असते, त्यामुळे तिथे काही जात नाही. चांगल्या, व्यावसायिक दर्जाच्या बीटाकॅम टेपचं मात्र थोडं नुकसान होईल. ते मला मान्य आहे. सुजलेल्या चेहऱ्यापेक्षा किंचित मऊ चेहरा कधीही बरा.

सोबत एएफडी कोडही लावा. हाही चार बिटांचाच संकेत, चौकटीत खरं चित्र कुठे आहे ते सांगणारा. १६:९ चौकटीत १००० म्हणजे पूर्ण चौकट, १००१ म्हणजे मध्यभागी ४:३, आणि ११११ म्हणजे पूर्ण १६:९, पण महत्त्वाचं सगळं मधल्या ४:३ भागात आहे, बाजू कापल्या तरी चालेल. पुढे कुणी तुमची वाहिनी जुन्या ४:३ टीव्हीसाठी बदलून देत असेल तर त्याला याचाच आधार मिळतो.

प्रतिसाद – पडदाभर

एवढा खटाटोप कशाला? लोकांना काळ्या पट्ट्या नकोच असतात. टीव्हीत पॅनोरमा नावाचा मोड असतो, त्यात मधला भाग तसाच राहतो, फक्त कडा ताणल्या जातात. प्लेआऊटमध्ये तसाच इफेक्ट लावून टाका, पडदाही भरेल आणि मधले चेहरेही नीट दिसतील.

प्रतिसाद – धागाकर्ता

@पडदाभर, सूचनेबद्दल धन्यवाद, पण हे मी करणार नाही. स्थिर चित्रात पॅनोरमा खपून जातो. माणूस चालायला लागला की पाहा: डाव्या कडेला जाड, मध्ये आला की बारीक, उजवीकडे पोहोचला की परत जाड. कॅमेरा सावकाश फिरला तर मागचे खांब रबराचे असल्यासारखे ताणले आणि आकसले जातात. आमच्या संग्रहात नृत्याच्या टेपा आहेत. नर्तिकेने बाजूला हात पसरला की दंडापेक्षा पंजा मोठा दिसतो. ज्याने ती चौकट डोळ्यांनी जोखून लावली त्या कॅमेरामनचं काम आपण मोडायचं नाही, असं मला मनापासून वाटतं. घरी बसून कुणाला तो मोड लावायचा असेल तर रिमोट त्यांच्या हातात आहेच, पण आम्ही एकदा ताणून पाठवलं की ज्याला नीट बघायचंय त्याच्याकडे काही उपाय उरत नाही.

आणि सगळ्यांना बसेल असा आकार मुळात नाहीच. १९८० च्या दशकात अमेरिकी अभियंते केर्न्स पॉवर्स यांनी वेगवेगळ्या प्रमाणांचे आयत एकावर एक ठेवून पाहिले, त्यातून १६:९ ची चौकट पुढे आली. ४:३ आणि रुंद सिनेमाचं २.३५:१ यांचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) १.७७ येतो, १६:९ म्हणजे १.७८. ती तडजोडच आहे, आणि तडजोडीत दोन्हीकडे पट्ट्या येणारच.

प्रतिसाद – जुनी_टेप

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. संग्रहाच्या बाजूने काही गोष्टी.

मूळ फाइलमध्ये पट्ट्या कधीही भाजून ठेवू नका. संग्रहात ४:३ ते ४:३ च राहू द्या, पट्ट्या प्रसारणाच्या वेळी घाला. आज तुम्हाला छळणारं ते चारही बाजूंचं काळं हे कुणीतरी पूर्वी पट्ट्यांसकट टेप बनवल्याचंच फळ आहे.

अशा चित्रणाला झूम कराच, पण हिशेब डोळ्यांसमोर ठेवून. ५७६ पैकी फक्त ४३२ ओळींत चित्र असतं आणि त्यांतून १०८० भरायच्या असतात. इंटरलेस (एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेलं) चित्र तसंच उभं ताणलं तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. आधी चांगलं डीइंटरलेस (फील्डमधून पूर्ण चित्रं बनवणं), मग झूम. आणि झूम करण्याआधी खालची पट्टी तपासा. बऱ्याचदा उपशीर्षकं त्या काळ्यात छापलेली असतात, झूममध्ये ती सगळीच जातात. तशी टेप असेल तर चित्र थोडं वर सरकवून खालची जागा वाचवता येते का बघा, नाहीतर लहान चित्र मान्य करा.

७२० पिक्सेलबद्दलही एक बारीक गोष्ट. पालच्या ७२० पिक्सेलपैकी ४:३ चं प्रमाण ७०४ मध्येच पूर्ण होतं, बाकीचे ८-८ कडेचे असतात. म्हणून ७२० सरळ १४४० मध्ये कोंबलं तर चित्र सुमारे दोन टक्के अरुंद होतं. आधी ७०४ वर कापा, मग १४४० करा. टेपवरच्या फाइलमध्ये त्या कडा बहुधा काळ्याच असतात, त्याही आपोआप जातील. व्हीएचएसच्या तळाशी थरथरणाऱ्या काही ओळी दिसतात, जुने टीव्ही कडा झाकायचे म्हणून त्या कधी दिसल्या नाहीत. त्या काळ्याने झाका, पण झाकण्यासाठी चित्र मोठं करू नका.

प्रतिसाद – रेषा६२५

लोगो आणि अक्षरांचं राहिलं होतं. अनेक टीव्ही अजूनही सवयीने चित्र किंचित मोठं करून कडा कापतात. युरोपियन प्रसारण संघाची आर ९५ ही शिफारस १६:९ साठी अक्षरं प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत ठेवायला सांगते. १९२० × १०८० मध्ये ते बाजूंनी ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४ ओळी होतात. बातम्यांची पट्टी कडेला चिकटलेली असेल तर तुमची तिसरी तक्रार तिथूनच येतेय. प्रेक्षकांना टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' शोधायला सांगा, नाव कंपनीगणिक बदलतं. ४:३ कार्यक्रमाच्या वेळी लोगो बाजूच्या काळ्या पट्टीत नेण्याचा मोह टाळा; पुढे कुणी १००१ वाचून बाजू कापल्या तर लोगो गेला.

उभ्या व्हिडिओला १०८० उंचीत साधारण ६०८ पिक्सेल रुंदी मिळते. तो कापून १६:९ केला तर मूळ उंचीचा एक तृतीयांशही भाग उरत नाही, म्हणून कापू नका. बाजूंना त्याच व्हिडिओची धूसर मोठी प्रत लावतात, मला ती नको वाटते. मागे काहीतरी हलत राहतं आणि डोळा मूळ घटनेवरून सुटतो. एकाच रंगाची शांत, गडद पार्श्वभूमी ठेवा. एकाच घटनेचे दोन व्हिडिओ असतील तर शेजारी शेजारी लावा, छान बसतात.

प्रतिसाद – धागाकर्ता

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. कायम १६:९, पट्ट्या प्लेआऊटमध्ये, ४:३ ला १००१ आणि नव्या चित्रीकरणाला १०००, असं ठरवतोय. बातम्यांची पट्टी आत घेतली. बातम्यांत जुनी ४:३ दृश्यं वापरताना चित्र थोडं कापून १४:९ मध्ये दाखवायचा मधला मार्ग चालेल असं वाटतं. वर-खालची मिळून एक सप्तमांश उंची जाते आणि बाजूंना १२०-१२० पिक्सेलच काळे उरतात. मैफली आणि नाटकांना मात्र हात लावणार नाही.

एकच अडचण उरलीय. बाहेरून येणाऱ्या जाहिरातींच्या फाइल १६:९ म्हणून येतात आणि आत चारही बाजूंनी पट्ट्या निघतात. प्रत्येक फाइल डोळ्यांनी तपासायला माणसं नाहीत. हे आपोआप पकडता येईल का?

प्रतिसाद – जुनी_टेप

येईल. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपडिटेक्ट नावाचा फिल्टर आहे, तो काळ्या कडा मोजून खऱ्या चित्राचं माप देतो. फाइल आत आली की आपोआप चालेल असं लावून ठेवा. १९२० × १०८० च्या फाइलमध्ये माप १४४० × ८१० च्या आसपास आलं तर ती बाजूला काढा. सुरुवातीच्या सेकंदांवर विसंबू नका, तिथे काळी फेड (काळ्यातून हळूहळू उमटणारं चित्र) असते. रात्रीच्या दृश्यांतही तो फसतो, म्हणून फाइलच्या तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा आणि त्यातलं सर्वांत मोठं माप धरा.