३५ हजारांत आकाशाचे फोटो: ट्रॅकर घ्यावा, दुर्बीण घ्यावी की आणखी काही?

धायरीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आणि एक बऱ्यापैकी ट्रायपॉड. गेल्या थंडीत पानशेतच्या पुढे मित्राच्या शेतावर मुक्काम होता, तेव्हा गंमत म्हणून मृगाकडे कॅमेरा लावला. तलवारीच्या जागी गुलाबी धुरकट डाग उमटला आणि तेव्हापासून डोक्यात तेच. पण लेन्स १३५ मिमीवर ठेवून दोन सेकंदांच्या पुढे गेलं की ताऱ्यांच्या रेघा होतात.

बजेट ३५ हजार. पुन्हा सांगतो, पस्तीस. घरी हाच आकडा मंजूर झालाय, पुरवणी मागणी चालणार नाही. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका आणि कृत्तिका एवढं नीट आलं तरी मी खूश. बिल्डिंगच्या गच्चीवरून दक्षिण मोकळी आहे, उत्तरेला शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी. अमावस्येच्या आसपास वेल्हे-पानशेत जमेल. कंबर दुखते, त्यामुळे जड काही नको.

निशाचर
सीस्टार एस५०. विषय संपला. ५० मिमीची छोटी दुर्बीण, २५० मिमी फोकल लेन्थ, कॅमेरा आतच. मोबाईलवर नाव निवडायचं, ती स्वतः शोधते, दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते. मी कोथरूडच्या गच्चीवर ठेवतो आणि खाली जेवायला येतो. वरण-भात होईपर्यंत मृग तयार.

धायरीकर
धन्यवाद. पण ती पस्तीसमध्ये बसत नाही ना?

निशाचर
थोडं वर जाईल. पण वस्तू एकदाच घ्यायची असते हो.

शनवारातला
यंत्रच शोधणार, यंत्रच फोटो काढणार, यंत्रच रचणार. तुम्ही नक्की काय करता? चार्जिंगला लावता? एवढंच असेल तर नासाचे फोटो फुकट आहेत. डाउनलोड करा आणि वरण-भात गरम असताना जेवा.

निशाचर
तुम्ही काढलेला एक तरी फोटो दाखवा, मग बोलू.

शनवारातला
मी डोळ्यांनी बघतो. आधी १०×५० ची द्विनेत्री घ्यावी, वर्षभर आकाश पाठ करावं, मग पैसे उधळावेत. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून. आधी तिथे माणसांना भेटा, दुकानात नंतर जा.

मुळशीकर
धागाकर्त्याने फोटोबद्दल विचारलंय, द्विनेत्रीबद्दल नाही.

स्टार अ‍ॅडव्हेंचरर किंवा तसला ट्रॅकर बघा. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसतो आणि पृथ्वी फिरते त्याच्या उलट, त्याच वेगाने कॅमेरा फिरवतो. नवा घेतलात तर सगळ्या सुट्या भागांसकट पस्तीसच्या वर जाईल, जुना बघा. कंपनी पाच किलो झेपतं म्हणते, मी त्याच्या निम्म्यावर थांबतो.

पण आधी ध्रुवताऱ्याचं बोला. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. हात लांब करून मूठ धरलीत तर दोन मुठीसुद्धा नाहीत. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं तो कायम उंचावरच असतो. आपल्याकडे तो डोंगरात, धुरकटात नाहीतर कोणाच्या तरी टाकीमागे असतो. शिवाय तो नेमका मध्यावर धरायचा नसतो, खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. तुमच्या गच्चीवर ट्रॅकर घेऊन गेलात तर पहिला तास टाकीला शिव्या देण्यात जाईल.

धायरीकर
शिव्या आत्ताही देतो. ती रात्री वाहते पण.

खडकवासला_४१
सीस्टार घ्या. ५० मिमीची आहे, मोबाईलवर चालते, स्वतः शोधते.

रोहिणी_के
मी वेगळं सांगते. आत्ता काहीच घेऊ नका.

तुमच्याकडे जे आहे त्याच्यावर मृग येतो, मी आणलाय. लेन्स १३५ वर ठेवा. पाचशेला फोकल लेन्थने भागायचं हा ढोबळ नियम आहे, तुमच्या छोट्या सेन्सरसाठी आणखी १.६ ने भागायचं, म्हणजे सव्वादोन-अडीच सेकंद. दोन सेकंद धरा. आयएसओ १६००, रॉ फाइल, लेन्सवरचं आयएस (हादरे सावरणारी सोय) बंद. वायरवाला शटर रिमोट लावा आणि सहाशे फोटो काढा. झाली ना वीस मिनिटं प्रकाशाची? आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि १३५ वर तुमची चौकट साडेनऊ अंशांची आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी मृग परत मध्ये आणायचा. बास.

फोकस दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर धरू नका, तो रात्री चालत नाही. एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून बघा, तो सगळ्यात बारीक झाला की फोकसच्या रिंगवर मास्किंग टेप लावा. या लेन्सची रिंग नुसत्या स्पर्शाने सरकते. मग सगळ्यात शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस-तीस फोटो, आणि सकाळी लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून आकाशाकडे धरून आणखी वीस-तीस. पहिल्यांनी सेन्सरची खरखर जाते, दुसऱ्यांनी कोपऱ्यातला अंधार आणि धुळीचे डाग. सगळं सिरिल या फोटो रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. फुकट आहे.

हे नीट जमेपर्यंत पैसे बँकेत राहू देत.

निशाचर
सहाशे फोटो आणि सकाळी टी-शर्ट. याच्यापेक्षा वरण-भात बरा.

गॅरेजवाला
कोणीच बार्न डोअर, म्हणजे घरी बनवायचा ट्रॅकर, म्हणालं नाही अजून? दोन फळ्या, एक बिजागरी, एक आटे पाडलेली सळई. सळईचा आटा एक मिमीचा घ्या, बिजागरीपासून २२८.६ मिमीवर बसवा आणि मिनिटाला एक फेरा द्या, फळी बरोबर आकाशाच्या वेगाने उघडते. एक फेऱ्याची छोटी मोटर तपकीर गल्लीत मिळते, बिजागरी आणि सळई बोहरी आळीत. माझा दोन हजारांच्या आत झाला. त्याच्यावर ५० मिमीच्या लेन्सने मिनिटभराचे फोटो काढतो, तारे गोल. सळई सरळ असेल तर काही वेळाने वेग चुकायला लागतो, म्हणून तेवढ्यात आटोपायचं. लोक उगाच चाळीस-चाळीस हजार घालवतात.

मुळशीकर
५० मिमी आणि २५० मिमी यात फरक आहे, दादा. आणि याचीही बिजागरी ध्रुवाकडेच रोखायची असते. टाकी तिथेच आहे.

गॅरेजवाला
टाकी धायरीत आहे, वेल्ह्यात नाही. तिकडे जमेल म्हणाले ना ते?

भोरकर
वेल्ह्याचं काय सांगता. आता तिकडेही रिसॉर्टचे पांढरे एलईडी. जुने पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा बरं होतं, त्यांचा प्रकाश बराचसा ठरावीक रंगांत असायचा, फिल्टरने कापता यायचा. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत पसरलेला असतो, कापणार काय? आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेने दोन मीटरची दुर्बीण गणेशखिंडीत न ठेवता शहरापासून लांब गिरवलीला ठेवली ती हौस म्हणून नव्हे.

निशाचर
ड्युअल बँड फिल्टर लावा. सीस्टारमध्ये आतच येतो.

रोहिणी_के
तो फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रेषाच सोडतो. मृगाला चालेल, कारण तो पेटलेला वायू आहे. देवयानी म्हणजे तारेच तारे, कृत्तिकेभोवतीची निळाई म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचाच प्रकाश. त्या दोघींना हा फिल्टर लावलात तर हवा तो प्रकाशही जातो. धागाकर्त्याच्या तीनपैकी दोन गोष्टींना उपयोग नाही.

शनवारातला
आणि दिवे गेले तरी ढग आहेतच. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला, अख्खं जग फोटो टाकत होतं, आणि आपण पुण्यात आषाढातले ढग मोजत बसलो.

भोरकर
दिवाळीचं विसरलात. वर्षातली हक्काची अमावस्या, पाऊस संपलेला, थंडी सुरू व्हायची, आणि नेमकं लक्ष्मीपूजन. घरातून निघता येत नाही आणि निघालात तरी आकाशात फटाक्यांचा धूर. पुढे उसाची पाचटं पेटवतात. फेब्रुवारी संपला की क्षितिज गेलंच म्हणून समजा.

दवबिंदू
माझं नाव वाचा आणि मग ऐका. डिसेंबर-जानेवारीत धरणाच्या कडेला लेन्सवर दव येतं. रात्री कळत नाही. कॅमेरा आपला टकटक फोटो काढत असतो, घरी येऊन बघावं तर साडेबारानंतरच्या प्रत्येक ताऱ्याभोवती मऊ प्रभावळ. लेन्स पुसायची नाही, पुसलीत की परत येतं. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी मिळते, ती लेन्सच्या तोंडाशी गुंडाळा आणि पॉवर बँकेला जोडा. कुठलंही यंत्र घ्या, ही पट्टी आधी घ्या.

पावसाळ्यात सामान चामडी बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून परत वापरायचे.

कर्वेनगर_टेलिस्कोप
मूळ प्रश्नावर येतो. कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर काढून घ्या. तो ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून तुमचा मृग फिका दिसतो. मी एका दुरुस्तीवाल्याकडून काढून घेतला. आता तेजोमेघ झकास येतात. भाचीच्या बारशाचे सगळे फोटो मात्र लालभडक आले, ताई अजून बोलत नाही.

मुळशीकर
मृग बेसुमार तेजस्वी आहे, त्याला फिल्टर काढायची गरज नाही. घोडामुख वगैरे फिक्या तेजोमेघांना लागते. पहिल्याच वर्षी कॅमेरा उघडायला सांगू नका हो कोणाला.

रोहिणी_के
धायरीकर, एक राहिलं. तुमची दक्षिण मोकळी आहे म्हणालात. मग उत्तरेसाठी का रडताय? एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे चोवीस अंशांपर्यंत वर येतो, लंडनवाल्यांना तो जन्मात घरून दिसत नाही. वृश्चिकाची नांगी, धनूतला लगून तेजोमेघ, सगळं तुमच्याच बाजूला. आणि ध्रुवतारा न दिसता अक्ष लावायच्या पद्धती आहेत. नीना नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तीन जागचे फोटो घेऊन ते होतं. लॅपटॉप लागेल.

धायरीकर
हे लक्षातच आलं नव्हतं. टाकीच्या नादात दक्षिणेकडे बघितलंच नाही. सगळ्यांचे आभार. रोहिणीताईंचं करून बघतो, आणि बोहरी आळीत चक्कर मारतो.

निशाचर
शेवटी सीस्टारवरच याल.

धायरीकर
मंडळी, बरेच दिवसांनी. घेतलं.

चिंचवडचे एक काका घर बदलतायत, त्यांची आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण. फोकल लेन्थ १०००, इक्वेटोरियल माउंट (ध्रुवाकडे अक्ष रोखायचा स्टँड), एका अक्षाला मोटर, दोन आयपीस, सगळं मिळून ३१ हजार. जड नको असं मीच म्हणालो होतो आणि घेतलं जडच, हे मला कळतंय. नळी म्हणजे तांब्याचा बंब आहे नुसता. नुसतं बघायला गेलो होतो. काकांनी अंगणात लावली, मृगाच्या तेजोमेघात मधले चार तारे सुटे-सुटे दिसले आणि भोवती हिरवट धूर. गुलाबी नाही, हिरवट, स्वतःच्या डोळ्यांनी. बायको बरोबर होती. तिने डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही, आणि म्हणाली, "हीच घ्यायची." मंजुरी देणारी कमिटीच असं म्हणाल्यावर मी काय बोलणार?

मुळशीकर
अहो पण फोटो? १००० मिमीवर तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल पाऊण आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होतो आणि आकाश सेकंदाला पंधरा आर्कसेकंद सरकतं. तो माउंट गायडिंगशिवाय, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत चूक सुधारत राहिल्याशिवाय, अर्धं मिनिटसुद्धा धरायचा नाही. वारा आला तर तेवढंही नाही. आणि कॅमेरा लावलात तर बहुतेक फोकसच मिळणार नाही, या नळ्यांना तो आजार आहे. मुख्य आरसा पुढे सरकवावा लागतो.

शनवारातला
डोळ्यांनी बघितलंत. उत्तम केलंत. इतकं वाचून एक तरी माणूस सुधारला.

निशाचर
कंबरेचं काय झालं? जड काही नको होतं ना?

धायरीकर
लिफ्ट आहे. गच्चीचा शेवटचा जिना भाचा आणि मी मिळून चढवतो. काउंटरवेट बायको आणते.

फोकस खरंच मिळत नाहीये. आरशामागचे तीन स्क्रू लांब हवेत. एम ५ असतील की एम ६?

गॅरेजवाला
इथे विचारून कळणार नाही. एक काढा, खिशात टाका आणि बोहरी आळीत जा. नुसतं माप सांगितलंत तर भलतंच गळ्यात मारतील. आरसा आधी उतरवून ठेवा, स्क्रू काढताना तो सैल होतो. आणि स्प्रिंगाही नव्या घ्या, लांब स्क्रूला जुन्या पुरत नाहीत.

स्वारगेट_नवा
माझंही बजेट ३५ हजार आहे. कोणती दुर्बीण घेऊ? धागा मोठा आहे म्हणून वाचला नाही.

खडकवासला_४१
सीस्टार घ्या.