वरच्या मजल्याचे दिवे, सी२, आणि २८ दिवस कधीपासून?

अनघा:
नमस्कार मंडळी,
ईआयसीआर, म्हणजे घराच्या वायरिंगच्या तपासणीचा रिपोर्ट, आला एकदाचा. अनसॅटिस्फॅक्टरी, म्हणजे नापास. वरच्या मजल्याच्या लाइटिंग सर्किटला अर्थिंगच नाही आणि बेडरूममधले दिवे पितळी, म्हणून सी२ (धोका होऊ शकतो, दुरुस्ती हवीच). जिन्याखालच्या प्लास्टिकच्या फ्यूजबोर्डाला सी३ (नुसती सुधारणेची शिफारस). तपासणी ३ तारखेला झाली, एजन्सीने रिपोर्ट पाठवला २४ला, आणि आता म्हणतात २८ दिवस रिपोर्ट पाठवल्यापासून मोजायचे. वर घरमालकाचं म्हणणं, वायरिंग कशाला, प्लास्टिकचे दिवे लावून देतो. मुलांच्या खोलीत असली मलमपट्टी मला नकोय. शुक्रवारी त्यांचा माणूस येतोय, त्याआधी नक्की काय ते कळलं तर बरं. विद्याधरकाका, वाचताय ना?

विद्याधर:
वाचतोय.

दिवस तपासणीपासून. इंग्लंडमधल्या खासगी भाड्याच्या घरांसाठी २०२०चे जे नियम आहेत, त्यांत २८ हा आकडा इतक्या ठिकाणी येतो की एजन्सीवाले त्याचा खिचडा करतात. भाडेकरूला रिपोर्ट तपासणीपासून २८ दिवसांत द्यायचा. दुरुस्तीही तपासणीपासूनच २८ दिवसांत, रिपोर्टात कमी मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात. रिपोर्ट उशिरा पाठवला म्हणून दुरुस्तीची मुदत पुढे सरकत नाही. तुझ्या बाबतीत ३० तारखेपर्यंत. काम झालं की इलेक्ट्रिशियनचं लेखी पत्र तुला आणि कौन्सिललाही, त्यालाही पुन्हा २८ दिवस. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, ते मागून घे.

दिव्यांबद्दल मात्र तुझा घरमालक बरोबर आहे. लाइटिंगला अर्थिंग हवंच, हे इथल्या वायरिंगच्या नियमांत १९६६ला आलं. त्याआधीच्या घरांत दिव्याला दोनच तारा सापडतात. धोका एवढाच की फेज सुटून पितळेला टेकली तर करंटला परतायला वाट नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही आणि दिवा तसाच लाइव्ह राहतो. बल्ब बदलायला हात लावला की वाट मिळते, ती हातातून. हात लागेल असा धातूच ठेवला नाही तर हा प्रश्न उरत नाही. दिव्यावर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण हवी, स्विच प्लास्टिकचे, मागचा डबा लोखंडी असेल तर स्क्रू नायलॉनचे, आणि फ्यूजबोर्डापाशी "धातूचे दिवे लावू नका" अशा सूचनेची पट्टी. एवढं झालं की सी२चा सी३ होतो, आणि नुसते सी३ असले तर रिपोर्ट सॅटिस्फॅक्टरी. मलमपट्टी नाही ही, रीतसर पद्धत आहे.

अट एकच, तारांचं इन्सुलेशन धड हवं. जुनी रबरी वायर निघाली तर माझं मत बदलेल. रिपोर्टात इन्सुलेशन रेझिस्टन्सचा रकाना आहे, त्यातला आकडा पाठव. १ मेगाओहमच्या खाली असेल तर तो नापास.

संदीप:
"घरमालक बरोबर आहे" हे या लिस्टवर प्रथमच वाचलं. प्रिंट काढून ठेवतो.
आता आम्हा घरमालकांचीही बाजू ऐका. माझ्या एका फ्लॅटला प्लास्टिकच्या बोर्डाबद्दल सी२ देऊन त्याच माणसाने खाली नव्या बोर्डाचं कोटेशन जोडलं होतं. दुसऱ्याने तोच बोर्ड पाहून सी३ लिहिलं. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की हे व्हायचंच. आणि भाडेकरू दार उघडत नाहीत त्याचं काय? दंड ४०,००० पौंडांपर्यंत, तो आम्हाला!

मीनल:
संदीपदादा, दार उघडत नाहीत कारण "उद्या सकाळी येतो" असा व्हॉट्सॲप रात्री उशिरा येतो. किमान २४ तास आधी लेखी कळवायचं असतं. आमच्याकडे आलेल्याने मीटिंगच्या मधोमध मेन बंद केला, राउटर गेलं, फ्रीजर पाझरला. अर्धा दिवस वीज नसणार हे आधी सांगायला काय जातं?

संदीप:
मी इमेल करतो, व्हॉट्सॲप नाही. आणि नियमांतच आहे की वाजवी ते सगळे प्रयत्न केले असतील तर घरमालकाचा दोष धरत नाहीत. म्हणून प्रत्येक इमेल जपून ठेवतो, तुमच्याही.

नितीन (एडिंबरा):
इकडे स्कॉटलंडमध्ये घरमालकाने दिलेल्या केटल-टोस्टरचीसुद्धा पॅट टेस्ट (प्लगवर चालणाऱ्या उपकरणांची तपासणी) लागते. बाकी चालू द्या.

शैला:
पॅटचा विषय निघालाच आहे म्हणून. गणपतीच्या हॉलवाल्यांनी या वर्षी आपल्या सगळ्या एक्स्टेंशन बोर्डांवर स्टिकर मागितलेत. समितीने बाहेरून कुणाला तरी बोलवावं का? आणि कृपया नव्या विषयाला नवा धागा काढा, गेल्या वर्षीच्या पार्किंगसारखं नको.

विद्याधर:
शैलाताई, नवा धागा काढा म्हणता आणि बोर्ड याच धाग्यात घुसवता! बाहेरून कुणी नको. बोर्डांचं काम माझ्याकडे आहे, यादी माझ्याकडे आहे, टेस्टरही माझाच. दरवर्षी स्टिकर हवाच असा कायदा नाही, हॉलवाल्यांची ती अट आहे. पण गेल्या वेळी मखरामागे गुंडाळलेली एक्स्टेंशन वायरची रीळ पूर्ण न सोडता त्यावर तीन फोकस कुणी लावले होते, हे समितीने आधी शोधावं. गुंडाळी तापते, त्यावर स्टिकर असो वा नसो.

शैला:
ते फोकस सजावट समितीचे होते. मी कार्यकारिणीत आहे.

अनघा:
काका, वरच्या दिव्यांचा आकडा २००पेक्षा जास्त आहे, म्हणजे ठीक ना? एजन्सीला ३ तारखेचं लिहिलं, "तपासून सांगतो" म्हणाले. मात्र बाथरूमच्या दिव्यापुढे आकडा नाही, "लिम" लिहिलंय.

विद्याधर:
२०० उत्तम, तारा चांगल्या आहेत. लिम म्हणजे तिथवर पोचता आलं नाही म्हणून तपासलं नाही. एजन्सीला लिही, का पोचला नाही ते विचार, आणि शुक्रवारी त्याला शिडी आधी बाथरूममध्ये लावायला सांग. तो दिवाही धातूचा निघाला तर त्याच फेरीत बदलून घे. आणि नंतर हौसेने स्वतःचं पितळी झुंबर टांगू नकोस, पट्टी त्यासाठीच आहे.

मीनल:
फ्रीजर रिकामा ठेव गं.