व्याकरण बरोबर, तरी पेशंट म्हणतात सिस्टर तोडून बोलते. ही बाजू शिकवायची कशी?

संध्याकाळचा_वर्ग

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका हॉस्पिटलमधल्या, केरळहून आलेल्या नर्सेसना ड्युटी संपल्यावर मराठी शिकवते. मुली प्रचंड मेहनती आहेत, दिवसभर उभं राहून दमलेल्या असतात तरी वही उघडून बसतात, आणि आता लिंग, काळ, विभक्ती सगळं बऱ्यापैकी जमायला लागलंय. पण वॉर्डातून कानावर येतं ते वेगळंच. एक आजी मुलाला सांगत होत्या, ती सिस्टर फार तोडून बोलते बाबा. ती काय म्हणाली होती तर "आजी, उठा. गोळी घ्या. पाणी प्या." आता यात चूक कुठली दाखवू? 'उठ' नाही, 'उठा' म्हणाली, पुस्तकात आहे तसंच. आपल्यातली कोणी असती तर "आजी, उठताय ना जरा? चला, गोळी घेऊन टाकू या हं" असं काहीतरी म्हणाली असती आणि आजी खूश झाल्या असत्या.

उलट बाजूनंही तेच. पेशंट म्हणतो "सिस्टर, फार उकडतंय हो", सिस्टर म्हणते "हो, आज खूप गरम आहे" आणि पुढच्या बेडकडे जाते, तो बिचारा पंख्याकडे बघत बसतो. जेवणाच्या ट्रेला पेशंट एकदा "नको" म्हणाला की ट्रे परत, आता आपल्याकडे पहिलं नको कोण खरं धरतं? आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे "कसं वाटतंय?" ला "बरं आहे". एक आजोबा दुखणं दाबून बरं आहे म्हणाले आणि पेपरवर तसंच लिहिलं गेलं, संध्याकाळी त्रास वाढल्यावर कळलं. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

हे शिकवता येतं का, की चार-पाच वर्षं इथे राहूनच येतं? कोणी शिकवलं असेल तर प्लीज सांगा.

कोट्टयम_ते_कोथरूड

ताई, मी त्याच मुलींपैकी एक, फक्त खूप आधी आलेली, म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, तुमच्या मुली "तुम्ही इथे बसायला पाहिजे", "तुम्ही उद्या यायला पाहिजे" असं बोलतात का ते बघा. मल्याळममध्ये 'वरणम्' (यायला पाहिजे), 'इरिक्कणम्' (बसायला पाहिजे) हे बंधन सांगायला पण येतं आणि आदरानं विनंती करायला पण येतं, पाहुण्याला सुद्धा 'वरणम्' म्हणतो आम्ही. ते जसंच्या तसं मराठीत आणलं की पेशंटला वाटतं सिस्टर दटावतेय. मुलगी मनात अगदी नम्र असते आणि समोरच्याला ऐकू येतं ते दुसरंच, आणि तिला हे कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे काही गोष्टी आम्हाला फुकटात मिळतात त्यांचा फायदा घ्या. 'आम्ही' आणि 'आपण' मधला फरक हिंदीवाल्यांना जड जातो, आमच्याकडे 'ञङ्ङळ' आणि 'नम्मळ' आहेतच. म्हणजे "आपण थोडं चालू या का?" हे वाक्य आमच्या मुली एका दिवसात उचलतील, त्यांना फक्त एवढं सांगा की वॉर्डात 'चाला' च्या जागी हे वापरा, पेशंट एकटा चालणार असला तरी. निघताना 'येते' म्हणायचं हे पण नवीन नाही, आम्ही 'पोयिट्टु वराम' म्हणतो, जाऊन येते.

तिसरं नात्याचं. मल्याळममध्ये मोठ्या माणसाला 'निङ्ङळ' तोंडावर म्हटलं तर बरेचदा उर्मट वाटतं, म्हणून आम्ही ते टाळतो आणि चेची, चेट्टन, अम्मच्ची असं नातं लावतो. त्यामुळे मुली पटकन आजी-काका म्हणायला लागतील, ते चांगलंच आहे. पण 'मावशी' जपून. घराबाहेर तो गोड शब्द आहे, हॉस्पिटलमध्ये मावशी म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई आणि मामा म्हणजे वॉर्डबॉय. पेशंट बाईंना मावशी म्हटलं की काही जणींचा चेहरा उतरतो. काकू म्हणा, आणि वय जास्त वाटलं तरी आजी म्हणायची घाई नको.

अर्थामागचा_अर्थ

तुम्ही जे विचारताय त्याला भाषाशास्त्रात प्रॅग्मॅटिक्स म्हणतात आणि यावर बरंच काम झालंय. जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये जे मांडलं ते तुमच्या आजींच्या किश्श्याला तंतोतंत लागू आहे: व्याकरण चुकलं की ऐकणारा म्हणतो याला भाषा कमी येते, पण बोलायची रीत चुकली की ऐकणारा तो माणसाचा स्वभाव समजतो, आणि भाषा जितकी सफाईदार तितका हा गैरसमज जास्त. म्हणजे तुमच्या मुलींना आत्ता जो त्रास होतोय तो त्या पुढे गेल्यात म्हणून होतोय. मोडकंतोडकं बोलत होत्या तेव्हा लोक सांभाळून घेत होते. थॉमस यांनी दोन प्रकार वेगळे केलेत ते शिकवणाऱ्याला फार उपयोगी पडतात. एकात वाक्याची ठेवण चुकते, वरचं 'पाहिजे' त्यातलं. दुसऱ्यात माणसामाणसांतलं अंतर ओळखायला चुकतं, कोणाला काय विचारावं, कोणाला किती आग्रह करावा वगैरे. पहिला सरावानं लवकर सुधारतो. दुसऱ्याला नुसतं 'असं बोला' म्हणून भागत नाही कारण तिथे तिच्या वळणाचा, संस्काराचा प्रश्न असतो, त्यावर बोलावं लागतं.

आपोआप येतं का? १९९८ मध्ये बार्डोव्ही-हार्लिग आणि डॉर्नेई यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना व्हिडिओतले प्रसंग दाखवून चुका ओळखायला लावल्या होत्या. हंगेरीत वर्गात शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या, अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना रीतीच्या. म्हणजे त्या भाषेत राहण्यानं कान तयार होतो हे खरं, पण आपल्याला राहा आणि शिका एवढंच म्हणून चालणार नाही, कारण तोवर पेशंटचं काय. माझं स्पष्ट मत आहे की हे उघडपणे शिकवावं. एकच काम तीन माणसांना सांगायला लावा, उदा. हात पुढे करायला सांगायचंय, एकदा आजोबांना, एकदा लहान मुलाला, एकदा स्वतः डॉक्टर असलेल्या पेशंटला. 'जरा', 'ना', 'हं', 'बरं का', 'की' हे छोटे शब्द काढून आणि घालून तेच वाक्य म्हणून दाखवा आणि काय फरक वाटला ते त्यांनाच विचारा. या शब्दांना पुस्तकात अर्थच देत नाहीत आणि वॉर्डातला निम्मा आदर त्यांच्यावर उभा असतो.

गोदाकाठ

वरच्या प्रतिसादात साल १९८३ आलं म्हणून राहवलं नाही, ही चर्चा आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी झालीये आणि शिकवायला ती फार कामाची आहे. गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, एक बाई एका धार्मिक माणसाला म्हणते: बाबा रे, आता खुशाल फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं. शब्द म्हणतात फिर, अर्थ म्हणतो इथे फिरकू नकोस. नवव्या शतकात काश्मीरमध्ये काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं व्यंजना, म्हणजे शब्दांमागचा सुचवलेला अर्थ, समजावताना ही गाथा घेतली. पुढे अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकारानं 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य घेऊन दाखवलं की ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो: कोणाला ते काम थांबवायला सांगतं, कोणाला संध्येला बसायला, कोणाला गाई आत घ्यायला, कोणाला दुकान आवरायला.

हाच खेळ वर्गात खेळा. फळ्यावर लिहा 'अंधार पडला' आणि विचारा, वॉर्डात हे कोण कोणाला म्हणतंय? लाईट लावा असेल, नातेवाईकाला शेवटची बस गाठायची असेल, नाईटची सिस्टर अजून आली नाही असेल, दुपारपासून डॉक्टर फिरकले नाहीत अशी तक्रारही असेल. मी शाळेत नववीच्या मुलांकडून हे करून घेतो, तास संपला तरी थांबत नाहीत. तुमच्या मुलींना याची सवय लागली की 'उकडतंय हो' ऐकल्यावर त्या आधी थांबून विचार करतील की हा माणूस मला हे का सांगतोय.

वॉर्ड_नंबर_सात

मी कोल्हापूरकडची, निवृत्त इनचार्ज सिस्टर. दोन गोष्टी प्रॅक्टिकल सांगते. खेड्यातली म्हातारी माणसं नर्सला "ए पोरी, इकडं ये की" म्हणतात, मुली रडवेल्या होतात की आम्हाला अरेतुरे केलं. त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा की हा जिव्हाळा आहे. आपल्या घरात सुद्धा आईला, आजीला तू म्हणतात आणि वडलांना बऱ्याच घरांत तुम्ही, म्हणून काय आईचा मान कमी होत नाही.

आणि 'बरं आहे' चं. आपली माणसं दुखणं सरळ सांगत नाहीत, बाप्ये तर नाहीच. म्हणून "कसं आहे?" वर थांबायचंच नाही. "रात्री झोप लागली का? जेवण गेलं का? कूस बदलताना कळ येते का?" असं एकेक विचारायचं, मग खरं बाहेर येतं. बायका पाळीला 'अडचण' म्हणतात, पोटाला 'कसंतरी होतंय' म्हणतात. 'जीव घाबरा होतोय' म्हटलं तर ते भीती वाटते असं समजून पुढे जायचं नाही, लगेच नाडी, बीपी बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. हे सगळं वहीत लिहून द्या त्यांना, व्याकरणाच्या आधी.

संध्याकाळचा_वर्ग

किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. 'पाहिजे' चं मला कधीच कळलं नसतं, आज वर्गात विचारलं तर अर्ध्या मुलींनी मान डोलावली. 'अंधार पडला' उद्या घेतेय. अजून एक विचारते, डिस्चार्जच्या वेळी काय म्हणायचं? एका मुलीनं दारापर्यंत सोडायला जाऊन अगदी प्रेमानं "परत या हं" म्हटलं आणि ते कुटुंब एकदम गप्प झालं.

वॉर्ड_नंबर_सात

हॉस्पिटलात 'या परत' कधीच नाही. "काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या" म्हणायचं. फॉलोअपची तारीख असेल तर "गुरुवारी दाखवून जा" म्हणायचं, यात दाखवून लगेच घरी जायचंय हे आलंच. पेशंट स्वतः सवयीनं "येतो सिस्टर" म्हणाला तर "हो, सावकाश जा" म्हणायचं. आणि पेढा पुढे केला तर नियमावर बोट ठेवून नको म्हणू नका म्हणावं, अर्धा मोडून घ्यायचा.