ज्या गावाची जत्रा टिपतो, त्याच गावाची पडझड टिपताना कॅमेरा कसा उचलावा?

प्रश्न : आयोवावासी

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्याच्या पूर्व भागात, सीडर रॅपिड्सपासून गाडीने तासाभराच्या अंतरावरील एका लहान गावात राहतो. वस्ती चार हजारांच्या आत आहे आणि मराठी घर आमचे एकटेच आहे. छायाचित्रणाचा छंद पुण्यापासूनचा, पण त्याला वळण लावले ते या गावाने. उन्हाळ्यातील काउंटी फेअर, चार जुलैची मिरवणूक, स्वयंसेवी अग्निशमन दलाचा पॅनकेकचा नाश्ता, शाळेचे शुक्रवार रात्रीचे फुटबॉलचे सामने, असे सारे मी टिपत आलो आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादक त्यातील काही छायाचित्रे छापत आले.

गेल्या वसंतात गावाच्या उत्तरेकडून टॉर्नेडो गेला. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण अकरा घरे राहण्याजोगी उरली नाहीत. संपादकांचा फोन आला आणि मी कॅमेरा घेऊन निघालो. एका घराचे छप्पर पूर्ण उडाले होते. भिंतीत भरलेला गुलाबी काचतंतूंचा कापूस शेजारच्या झाडाच्या काटकीकाटकीला लटकत होता आणि त्या झाडाखाली, स्वयंपाकघरातील खुर्ची बाहेर आणून, एक आजी बसल्या होत्या. त्या दर वर्षी फेअरमध्ये मुरंब्यांच्या स्पर्धेत भाग घेतात, आणि पहिल्या क्रमांकाची निळी फीत हातात धरलेले त्यांचे छायाचित्र दोन वर्षांपूर्वी मीच काढले होते. त्यांनी मला ओळखले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. संपादकांना मी मोडलेली झाडे आणि चेपलेल्या धान्याच्या कोठ्या यांची छायाचित्रे दिली, माणसाचे एकही दिले नाही.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. ते छायाचित्र काढायला हवे होते का, हा एक प्रश्न आहे. दुसरा असा की, पोलिसांची नाकेबंदी, ड्रोन आणि मानधन यांबाबत कोणते नियम पाळावे लागतात? पुढचा वसंत दूर नाही, म्हणून आताच विचारतो आहे.

उत्तर : सीडरकाठ

आपण कॅमेरा खाली घेतलात यात काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले असेल तर एवढेच, की कॅमेरा खाली घेतल्यावर आपण त्या आजींजवळ गेला नाहीत.

मी २००४ पासून सीडर रॅपिड्समध्ये आहे. १३ जून २००८ रोजी सीडर नदी ३१.१२ फुटांवर गेली. त्यापूर्वीचा उच्चांक १८५१ आणि १९२९ या वर्षांचा, २० फुटांचा होता; म्हणजे जुन्या उच्चांकावर पाण्याचा आणखी एक अख्खा मजला चढला. शहराचा सुमारे दहा चौरस मैलांचा भाग बुडाला आणि नदीच्या मधोमध बेटावर असलेल्या नगरपालिका व न्यायालयाच्या इमारतींतही पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर मी आठवडाभर रोज फिरलो. भिंतीवरील तपकिरी रेघ, रस्त्याच्या कडेला दारे चिकटपट्टीने बंद करून ठेवलेले फ्रीज, फुगलेल्या गाद्या आणि उघडी पडलेली तळघरे, अशी शेकडो छायाचित्रे जमली. आज ती उघडून पाहतो तेव्हा त्यांपैकी बहुतेक कोणत्याही पुराची, कोणत्याही गावातील वाटतात. टिकून राहिली ती वीस-पंचवीसच, आणि ती सर्व अशी आहेत की ज्यांच्या खाली मी घरमालकाचे नाव, रस्ता, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले होते. नाव लिहायचे तर माणसाशी बोलावे लागते, आणि बोलणे सुरू झाले की छायाचित्र काढावे की नाही हा प्रश्न बहुतेक वेळा तो माणूसच सोडवतो. काही जण नको म्हणतात. पुष्कळ जण हात धरून आत नेतात आणि अमुक खोलीचे काढा, तमुक कपाटाचे काढा असे सांगतात, कारण विम्यासाठी त्यांना पाण्याची रेघ पुसण्यापूर्वीचा पुरावा हवा असतो आणि त्यांचा स्वतःचा फोन भिजलेला किंवा बंद पडलेला असतो. अशी छायाचित्रे मी आधी काढतो, त्याच संध्याकाळी त्यांना देतो आणि ती कोठेही छापत नाही.

आणखी एक काम कॅमेरा बाळगणाऱ्यानेच करावे असे मला मनापासून वाटते. पुरात लोकांचे जुने अल्बम भिजतात आणि धीर सुटल्यामुळे ते कचऱ्यात जातात. एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत; स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ती आपोआप सुटू द्यावीत, चित्राच्या बाजूला बोट न लावता हलकेच धुवावीत आणि सावलीत सपाट वाळवावीत. दोन दिवसांत हे जमण्यासारखे नसेल तर ती फ्रीझरमध्ये गोठवून ठेवावीत, म्हणजे बुरशी धरत नाही. एका बाईंच्या अंगणात आम्ही त्यांच्या वडिलांची लष्करी गणवेशातील चार छायाचित्रे अशी वाचवली. त्या दिवशी मी स्वतः एकही फोटो काढला नाही आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.

पुढे काय होते तेही टिपा. बाहेरच्या वाहिन्या तीन दिवसांनी निघून जातात. येथील चेक व स्लोव्हाक संग्रहालय २००८ मध्ये बुडाले, २०११ मध्ये ती अवजड इमारत तशीच्या तशी उचलून उंच जागी नेली आणि २०१२ मध्ये ते पुन्हा उघडले. ही कथा चार वर्षांची आहे आणि ती गावात राहणाराच टिपू शकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये नदी पुन्हा सुमारे २२ फुटांवर आली, तेव्हा सारे शहर वाळूच्या पिशव्या भरायला उतरले होते. त्या दिवसांतली माझी छायाचित्रे आपत्तीची म्हणावीत की उत्सवाची, हे मला आजही ठरवता येत नाही.

उत्तर : प्रकाशमापक

नियमांपुरते लिहितो. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून जे दिसते त्याचे छायाचित्र काढण्याचा अधिकार अमेरिकेत पहिल्या घटनादुरुस्तीमुळे सुरक्षित आहे. मात्र त्या अधिकाराने कोणाच्या अंगणात पाऊल टाकता येत नाही, भले तेथे कुंपण उरलेले नसो. पोलिसांनी किंवा अग्निशमन दलाने भाग बंद केला असेल तर मागे राहावे. टॉर्नेडोनंतर पडलेल्या वीजतारा आणि फुटलेल्या गॅसनळ्या या दोन गोष्टी वादळाइतक्याच घातक असतात. बातमीसाठी वापरलेल्या छायाचित्राला लेखी संमती लागत नाही, जाहिरातीसाठी लागते. लहान मुलांच्या बाबतीत मी, कायदा काहीही म्हणो, पालकांना विचारल्याशिवाय छायाचित्र देत नाही.

ड्रोनबाबत पुष्कळांचा गैरसमज आहे. पैसे घेतले नाहीत म्हणजे ते मनोरंजन ठरते असे नाही. छायाचित्र वर्तमानपत्रासाठी काढायचे असेल तर केंद्रीय विमान प्रशासनाच्या भाग १०७ खालील परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि उड्डाण साधारणपणे जमिनीपासून ४०० फुटांच्या आत ठेवावे लागते. आपत्तीच्या जागी अनेकदा तात्पुरती उड्डाणबंदी लागू होते. ती प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावी, कारण त्याच आकाशात बचावाची हेलिकॉप्टरे असू शकतात.

मानधनाबद्दल एक महत्त्वाची सूचना, जी आपल्या लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपण एच-१बी व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने आपला अर्ज केला तिच्याचसाठी काम करण्याची मुभा आपल्याला असते. साप्ताहिकाकडून दर छायाचित्रामागे पैसे घेणे हे परवानगीबाहेरचे काम ठरू शकते, आणि ज्या कामासाठी एरवी पैसे दिले जातात ते नियमितपणे फुकट करणेही निर्धोक नाही. ग्रीन कार्ड हाती नसेल तर पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारा. छायाचित्राचा स्वामित्वहक्क मात्र आपण नोकर म्हणून ते काढले नसेल तर आपलाच असतो; संपादकांना एका वेळच्या छपाईची परवानगी लिहून द्यावी, म्हणजे पुढे वाद होत नाही.

उत्तर : उंबरठा

मी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होते, म्हणून लिहिते आहे. १० ऑगस्ट २०२० च्या दुपारी डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत दूरवर जाणाऱ्या प्रचंड वाऱ्याचे वादळ, आले तेव्हा आम्ही सीडर रॅपिड्समध्ये होतो. महामारीमुळे माझे आईवडील भारतात परत जाऊ शकले नव्हते, तेही आमच्याबरोबरच होते. अंगणातला ओक घरावर पडला आणि वरची खोली उघडी झाली. वीज अकराव्या दिवशी आली.

दुसऱ्या दिवशी एक गाडी आमच्या गल्लीतून हळूहळू गेली. खिडकीची काच खाली होती, आतून एकजण छायाचित्रे काढत होता. तो थांबला नाही, उतरला नाही, आणि माझे वडील दारात उभे होते त्यांच्याकडे पाहून त्याने साधी मानही हलवली नाही. त्याने काही बेकायदा केले नाही, हे मला वरच्या उत्तरावरून आता कळते आहे. पण ती गाडी मी विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी फ्रीजमधले टिकणार नाही ते बाहेर काढले आणि दारोदारी शेगड्या पेटल्या. आईने उरलेली सगळी भेंडी आणि वांगी चिरून गॅसच्या शेगडीवर परतली आणि कागदी थाळ्यांत घालून शेजाऱ्यांना वाढली. पलीकडच्या रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून आले होते. आधी त्यांनी दोन फांद्या ओढायला हात लावला, मग थाळी घेतली, मग आईला खुणेनेच विचारले. आईने पदर नीट केला आणि हो म्हणाली. पंधरा दिवसांनी ते छापील प्रत घेऊन आले. मागे पडलेला ओक आणि घराचा फाटलेला कोपरा दिसतो, पुढे आई झारा धरून उभी आहे आणि तिच्या हातावर कढईतून आलेला उजेड पडला आहे. आई गेल्यावर आम्ही तिचे तेच छायाचित्र लावले. तुमच्या त्या आजी काय म्हणाल्या असत्या हे मी सांगू शकत नाही, पण त्यांना विचारायला हवे होते.

उत्तर : सपाट रान

वरील सर्वांचा आदर राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. त्याच डेरेचोच्या वेळी येथील लोकांची मोठी तक्रार अशी होती की देशाला आपली दखलच नाही. दक्षिण डकोटा आणि नेब्रास्कापासून ओहायोपर्यंत सुमारे ७७० मैल ते वादळ चौदा तासांत गेले, तरी बाहेरच्या जगाला आयोवात काय घडले याचा पत्ता लागायला दिवस गेले. मोबाइलचे मनोरे बंद, वीज बंद, आणि चक्राकार ढगाचे नाट्यमय दृश्यही नाही. डेरेचो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘सरळ’. आयोवा विद्यापीठाचे प्राध्यापक गुस्टाव्हस हिनरिक्स यांनी हा शब्द १८८८ मध्ये याच राज्यातील वादळासाठी वापरला होता, आणि तरीही २०२० मध्ये वृत्तनिवेदकांना तो समजावून सांगावा लागला. अशा वेळी गावातल्या माणसाने पहिल्या दिवशी काढलेले आणि पुढच्या शहरात गाडी नेऊन तेथून पाठवलेले छायाचित्र हीच मदतीची हाक असते. संकोचापायी ती हाक एक दिवस उशिरा जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरे, आपण झाडांची आणि कोठ्यांची छायाचित्रे दिली त्याबद्दल खंत करू नका. टॉर्नेडोतील वाऱ्याचा वेग बहुधा यंत्राने मोजला जात नाही, तो नुकसानीवरून ठरवतात. २००७ पासून वापरात असलेल्या सुधारित फुजिता श्रेणीत त्यासाठी घर, शाळा, झाड, खांब असे २८ निर्देशक आहेत. डेरेचोच्या वेळी सीडर रॅपिड्समध्ये वारा ताशी १४० मैलांपर्यंत गेला असावा हा अंदाजही एका निवासी इमारतीच्या पडझडीवरूनच बांधला गेला. तेव्हा उडालेल्या घराचे छायाचित्र घेताना पायाजवळ खाली वाकून, चौकट पायाला बोल्टने जखडली होती की नुसत्या खिळ्यांनी, हे दिसेल असे एक जवळून घ्या. राष्ट्रीय हवामान सेवेच्या सर्वेक्षणाला असे छायाचित्र ढगाच्या दहा छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडते.

आणि कोणत्याही वस्तूला हात लावू नका. १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने दक्षिण डकोटात दुष्काळाचे चित्रण करताना बैलाची कवटी काही फूट सरकवून भेगाळलेल्या जमिनीवर ठेवली. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती, पण ते सरकवणे उघड झाल्यावर वर्तमानपत्रांनी सारे चित्रणच बनावट ठरवण्याचा प्रयत्न केला. ढिगाऱ्यावरची बाहुली जेथे आहे तेथेच राहू द्यावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : आयोवावासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिसाची बाब मला खरोखर ठाऊक नव्हती. वकिलांची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत संपादकांना काही देणार नाही असे त्यांना कळवले आहे.

शनिवारी मी आजींकडे गेलो. त्या आता मुलीच्या घरी राहतात. निळ्या फितीच्या छायाचित्राची प्रत मी बरोबर नेली होती. ती हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या की, मागे टेबलावर ज्या बरण्या दिसतात त्यातली एकही उरली नाही, आणि फीतही वाऱ्याबरोबर गेली. त्या दिवशी झाडाखाली मी कॅमेरा उचलला होता हे त्यांना आठवत होते. मी त्याबद्दल बोललो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, मग काढला का नाहीस?

घरी आल्यावर नऊ वर्षांच्या डिस्क शोधायला बसलो. त्या अकरापैकी सहा घरांतली माणसे फेअरच्या, मिरवणुकीच्या आणि सामन्यांच्या छायाचित्रांत सापडली आहेत, एका घराचा तर व्हरांडा वादळापूर्वी जसा होता तसा मिरवणुकीच्या मागे स्पष्ट दिसतो. या सर्वांच्या प्रती काढून त्यांना देणार आहे. ओलसर तळघरातही टिकेल असा कागद कोणता, आणि घरच्या प्रिंटरवर छापावे की प्रयोगशाळेकडून करून घ्यावे, याबद्दल कोणाला अनुभव असल्यास जरूर लिहावे.